दोन बार भरपूर

यंदाचा नवतपा नेमका कोणत्या दिवशी लागला, यावर आमच्या प्रताप नगरच्या गल्लीत दोन तट पडले आहेत. उन्हाळ्यातल्या या सगळ्यात कडक नऊ दिवसांचं नागपूरकरांना भारी कौतुक. बाहेरचा पाहुणा घामाघूम होऊन विचारतो, "एवढं ऊन सोसता तरी कसं?" आणि आम्ही ते ऊन स्वतःच्या शेतात पिकवल्याच्या थाटात सांगतो, "हे तं काहीच नाई. मागच्या साली पाहाले पाहिजे होतं." काल मी कूलरला नवी खस लावली, पाणी सोडलं, पहिली ओली झुळूक तोंडावर आली आणि माझं मन जिथे जायचं तिथे गेलं. लोकांना उन्हाळ्याबरोबर आंबे आठवतात, मामाचं गाव आठवतं, गच्चीवरची गादी आठवते. मला एक सेन्सर आठवतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळ्या प्लास्टिकचा, तीन पिनांचा. इलाज नाही.

तो सेन्सर माझा नव्हता, माझ्या बहिणीचा होता. प्रज्ञा माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तिच्या जन्माच्या वेळी मी दवाखान्याच्या पायरीवर बीजगणित करत बसलो होतो, म्हणून ती मला अर्धी बहीण आणि अर्धी विद्यार्थिनी वाटत आली आहे. इंजिनिअर झाली, पुण्यात एका मोठ्या कंपनीत लागली, आईने नातेवाइकांत पेढे वाटले. आणि तीन वर्षांनी एके दिवशी सुटकेस घेऊन परत आली आणि म्हणाली, "मले स्वतःच्या हातानं गाड्या बनवाच्या आहेत." बेस्याला, जिथे शहर संपता संपता पुन्हा सुरू होतं, तिने एक टिनाची शेड भाड्याने घेतली. साध्या गाडीला टर्बो बसवायचा, हे तिचं वेड. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर ताकद जास्त. हे एवढं मला कळत होतं. मी भौतिकशास्त्राचा मास्तर आहे. न कळून सांगतो कोणाला?

आई मात्र म्हणायची, "एवढी शिकली ते नट आवळाले काय वं?"

प्रज्ञा म्हणायची, "हाव. पण बरोबर आवळाले."

मार्च महिना आमच्या घरात पेपरांचा असतो. बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, लाल पेन, आईने दर तासाला आणून ठेवलेला आणि मी विसरलेला चहा. त्या वर्षीही तसाच बसलो होतो. प्रज्ञाचा फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज.

"दादा, टर्बोचा दाब एक-सव्वा बार ठेवून राहिली मी. दाब मोजणारा सेन्सर आहे तो दोन बारचा आहे. पुरते ना?"

मी एका मुलाच्या आकृतीत बाण शोधत होतो. म्हणालो, "दोन बार? भरपूर."

"पक्कं?"

"अगं, सव्वापेक्षा दोन मोठे असतात. भरपूर."

एवढंच बोलणं झालं. त्याच आठवड्यात मी किती मुलांचे अर्धे अर्धे गुण कापले असतील याचा हिशेब नाही, आणि का कापले? तर त्यांनी उत्तरात वातावरणाचा दाब मिळवला नाही म्हणून.

हे नीट सांगायला हवं. पंक्चरच्या दुकानात आपण "तीस हवा टाक" म्हणतो. तिथला काटा रिकाम्या ट्यूबला शून्य दाखवतो. पण रिकामी ट्यूब काही खरी रिकामी नसते, तिच्यातही आपल्या आजूबाजूचीच हवा असते आणि तिचाही दाब असतो, जवळजवळ एक बार. तो सगळीकडेच आहे, म्हणून आपण तो धरत नाही. सगळं गाव त्या शून्यापासून मोजतं आणि कोणाचं काही अडत नाही. प्रज्ञाच्या टर्बोचा काटाही तसाच होता, तिथला सव्वा म्हणजे आपल्या हवेवर सव्वा. सेन्सर मात्र खऱ्या शून्यापासून मोजतो, जिथे हवा अजिबात नाही तिथपासून. म्हणजे दोन बारच्या सेन्सरचा एक बार नुसतं नागपुरात बसण्यातच खर्च होतो. उरला एकच. सव्वा बारला तो आंधळा.

आंधळा म्हणजे गप्प बसत नाही, तेच वाईट. त्याच्या वर कितीही दाब गेला तरी तो "दोन, दोन" असंच सांगत राहतो. गाडीचा कॉम्प्युटर त्याच्यावर विश्वास ठेवून दोनपुरतंच पेट्रोल सोडतो. आत हवा ढीगभर, पेट्रोल कमी, आणि मग जी आग होते ती धातूला सोसत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रज्ञा घरी आली आणि तिने जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून त्यावर एक पिस्टन ठेवला. कडेला करंगळी जाईल एवढं भोक होतं आणि भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम वितळून ओघळलं होतं. इंजिनाचा बाकीचा भागही कामातून गेला होता. आईने पिस्टन हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

"आता दुसरं इंजिन टाकशील?"

"हाव. अपघातातल्या गाडीचं एक भेटून राह्यलं."

"टाक," आई म्हणाली. "पण आयक. हेही असं झालं, तं शेड बंद. पुण्यावाले अजून बोलावून राहिले तुले. मंग जाचं. मले शब्द दे."

प्रज्ञाने शब्द दिला. आमच्या घरात दिलेला शब्द मागे घेत नाहीत, ही बाबांची शिस्त बाबा गेल्यावरही चालू आहे. त्या क्षणापासून त्या शेडचं, त्या टिनाखालच्या तिच्या आयुष्याचं काय व्हायचं, ते सगळं एका जुन्या इंजिनावर येऊन टेकलं.

आणि मी? मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना कळलं. डोक्यावर तांब्या ओतत होतो आणि एकदम "भरपूर" हा माझाच आवाज कानात आला. तांब्या हातातच राहिला. वीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो: निरपेक्ष दाब बरोबर काट्यावरचा दाब अधिक वातावरणाचा दाब. झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि सख्ख्या बहिणीने विचारलं तेव्हा पंक्चरवाल्यासारखं बोललो. चूक कळली तशी जाऊन सांगायला हवी होती. सांगितली नाही. लाज वाटली, खरंच लाज वाटली, आणि मी माझ्या लाजेला "योग्य वेळ आली की सांगू" असं नाव दिलं.

मे महिन्यात सुट्टी लागली तसा मी रोज बेस्याला जाऊ लागलो. आई निघताना खिशात कांदा टाकायची, ऊन लागू नये म्हणून. शेडमध्ये टिन इतकं तापायचं की कडकड आवाज करायचं. दारावर ओलं पोतं, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, ग्रीस आणि खस यांचा मिसळलेला वास. प्रज्ञा तोंडाला दुपट्टा बांधून, स्टुलावर बसून, वाचत असायची. मला वाटलं होतं की ती पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन इंजिनावर तुटून पडलेली दिसेल. पण इंजिन बसवून तयार होतं आणि ती तीन आठवडे एक सेन्सर निवडत होती.

साडी निवडणारी माणसं मी पाहिली आहेत, जावई निवडणारी पाहिली आहेत. पण इतक्या लहान वस्तूला इतका मान देणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. एका वहीत तिने प्रत्येक सेन्सरची पट्टी आखली होती. कोणत्या दाबाला किती व्होल्ट देतो, कुठे संपतो, किती गरमी सोसतो. पहिलं इंजिन गेल्याचा तिला राग असेलच, पण तो तिने कुठे दिसू दिला नाही. त्या रागाचं तिने वाचन करून टाकलं होतं.

पार्टच्या दुकानात मी तिच्याबरोबर गेलो. दुकानदार पन्नाशीचा, गल्ल्यामागे पंखा स्वतःकडे वळवून बसलेला. म्हणाला, "मॅडम, चार बारवाला घेऊन टाका ना. मोठा घेतला का टेन्शनच खतम."

"टेन्शन खतम नाही होत भाऊ, धूसर होते," प्रज्ञा म्हणाली. "गाडी नुसती उभी चालू असली का आतला दाब एक बारच्या बी खाली असते, तिसऱ्या हिश्श्यावर. तिथं मले बारीक बारीक फरक दिसला पाहिजे. भंगाराच्या काट्यावर अंगठी तोलता काय तुम्ही?"

दुकानदार हसला. "मंग दोनवाला?"

"तो माह्या एका इंजिनाले खाऊन बसला."

मी दुकानाबाहेर जाऊन उसाचा रस किती स्वच्छ काढतात ते पाहू लागलो.

शेवटी तीन बारचा ठरला. टर्बो सव्वा बार देणार, म्हणजे खऱ्या शून्यापासून सव्वादोनच्या आसपास, कधी झटका आलाच तर अडीचच्या आत. अडीच बारचाही चालला असता, पण काठाकाठाने. तीनमध्ये वर जागा राहते आणि खालचंही स्पष्ट दिसतं. पण ठरला म्हणजे तिने घेतला असं नाही. तीन बारचेच तीन नग तिने पारखायला आणले, कारण बाजारात हुबेहूब दिसणारे डुप्लिकेटही असतात आणि डबीवरून काही कळत नाही.

आणि ते पारखायचे कसे? तर आईच्या बीपीच्या मशीनने. जुनं, रबरी फुग्याचं, गोल काट्याचं मशीन आमच्या घरी आहे. डॉक्टरकडे नुकतंच तपासून आणलेलं, त्यामुळे काट्यावर भरवसा होता. एका रविवारी दुपारी प्रताप नगरच्या आमच्या हॉलमध्ये, कूलरसमोर, प्रज्ञाने त्याची दंडाला बांधायची पट्टी काढली आणि नळी सेन्सरला जोडली. वायर लॅपटॉपला. आई सोफ्यावर बसून कैऱ्या किसत होती.

फुगा दाबायच्या आधीच पडद्यावर आकडा आला, शंभर म्हणजे एक बार या मापाने. सत्त्याण्णव.

"हे काय? अजून तं काहीच केलं नाही," आई म्हणाली.

"हे नागपूर आहे आई," प्रज्ञा म्हणाली. "समुद्राकाठी एकशे एक दिसलं असतं. आपण तीनशे मीटर उंचावर राहतो नं."

या शहरावर मी जन्मभर प्रेम केलं, त्याच्यावर खूप ऐकलं, वाचलं, पण त्याचा दाब असा कधी पाहिला नव्हता. मी उगाच भारावलो. फळ्यावर एकशे एक पूर्णांक तीन लिहिणारा मी, माझ्या स्वतःच्या घरात तो आकडा कधीच नव्हता.

मग फुगा. काटा पाऱ्याच्या दोनशे मिलिमीटरवर नेला की मी कागदावर गुणाकार करून ते पडद्याच्या मापात आणायचं, त्यात सत्त्याण्णव मिळवायचे आणि सांगायचं, किती दिसायला हवं. एकशे चोवीस. पहिला सेन्सर: एकशे चोवीस. दुसरा: एकशे चोवीस. तिसरा एकशे एकोणीसवर अडला आणि हळूहळू खाली घसरू लागला. प्रज्ञाने नळी तपासली, जोड तपासले, पुन्हा केलं. तेच. मग तिन्ही नग ताटलीत घालून अर्धा तास गच्चीवरच्या उन्हात ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसरा आता एकशे पंधरा म्हणत होता. दुसराही दोन आकड्यांनी हलला. पहिला ढिम्म होता.

आई इतका वेळ किसणी थांबवून बघत होती. म्हणाली, "म्हणजे ह्या मशीनचं शून्य खरं शून्य नाही?"

"नाही."

"मंग माह्या एकशे चाळीसमध्ये बी नागपूर मिळवाचं काय?"

मी मास्तर. राहवलं नाही. म्हणालो, "तसं पाहिलं तर नागपूरचे सातशे अठ्ठावीस धरून तुझं बीपी आठशे अडुसष्ट आहे आई."

आईने कैरी खाली ठेवली आणि पदराने वारा घेऊ लागली. प्रज्ञा त्या महिन्यात पहिल्यांदा खळखळून हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता वाटलं, आता सांगून टाकावं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "पन्हं करतेस ना?"

वर्गात निरपेक्ष दाब शिकवताना दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, निरपेक्ष म्हणजे अपेक्षा नसलेला ना?" मी हसण्यावारी नेतो. पण त्या मे महिन्यात प्रज्ञाकडे बघताना मला ते विचारणारी मुलं आठवायची. पहिलं इंजिन गेल्यावर ती "मीच पुरतं वाचलं नाही" याच्यापुढे एक शब्द बोलली नव्हती. तिने कोणाकडे बोट दाखवलं नाही, सहानुभूती मागितली नाही. मी शेडमध्ये गेलो की स्टूल पुढे करायची, स्वतःच्या बाटलीतलं थंड पाणी द्यायची, "दादा, हा गुणाकार पाहून दे" म्हणायची. दर वेळी ती वही पुढे करायची. आणि मी आता प्रत्येक गुणाकार तीनदा करत होतो.

निवडलेला सेन्सर बसवण्यातही तिने दोन दिवस घालवले. इंजिनाच्या आगीपासून दूर, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर उंच, तोंड खाली करून, म्हणजे नळीत तेलाचा थेंब साचला तर तो आपोआप खाली येईल. नळी वीतभर, जास्त नाही, नाहीतर खबर उशिरा पोचते. आणि शेजारी हवेची गरमी मोजणारा वेगळा सेन्सर. का? तर आपल्या उन्हाळ्यात दाब तेवढाच दिसतो पण हवा विरळ असते, आणि नुसत्या दाबावर विसंबलं तर पुन्हा हिशेब चुकायचा. हे मी तिला सांगितलं नाही, तिने मला सांगितलं. मी मान डोलावली आणि मनात म्हणालो, ही पोरगी माझ्या वर्गात असती तर मी तिला कशाचे अर्धे गुण कापले असते?

नवतप्याच्या शेवटच्या दिवशी, पहाटे, आम्ही बेस्याच्या पुढच्या एका लेआउटमध्ये गेलो. मालकाला विचारलेलं होतं. आमच्याकडे अशी लेआउटं पुष्कळ: प्लॉट पडलेले, डांबरी रस्ते झालेले, खांब उभे, आणि घर एकही नाही. किलोमीटरभर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, दूर टिटव्या ओरडत होत्या. वारा अजून गार होता. प्रज्ञाने मला हेल्मेट दिलं, पट्टे स्वतः आवळले आणि मांडीवर लॅपटॉप ठेवला.

"हा आकडा पाह्यत राहाचं. जोरानं वाचत राहाचं, मले आयकू आला पाहिजे. दोनशे चाळीसच्या वर गेला का 'सोड' म्हणून ओरडाचं. मी पाय काढते."

"मी?" मी म्हणालो. "आकडे वाचायला तुझा पुण्याच्या कंपनीतला मित्र येणार होता ना?"

"त्याले नको म्हटलं. तू बस."

गाडी सुटली. पहिल्यांदा पाठ सीटला चिकटली, मग पोट. मी वाचू लागलो. नव्वद. एकशे दहा. एकशे चाळीस. समोरून टर्बोची शीळ चढत होती. एकशे सत्तर. एकशे नव्वद. दोनशे. इथे मागच्या वेळी सेन्सर मुका झाला होता. इथून पुढचा आकडा आमच्यापैकी कोणीच कधी पाहिला नव्हता. माझ्या आवाजाला काय झालं कोण जाणे, मी वर्गात ओरडतो त्याच्या दुप्पट ओरडत होतो. दोनशे पाच! दोनशे पंधरा! दोनशे एकतीस! जीभ "सोड"वर टेकवून ठेवली होती. मग दोनशे सतरा. दोनशे सतरा. दोनशे सतरा. तिथेच ठाम राहिला. पेट्रोलचा आकडाही त्याच्याबरोबर चढला होता आणि त्याच्याबरोबरच थांबला.

पुन्हा दोनदा त्याच रस्त्यावरून. तोच आकडा. तिसऱ्या फेरीनंतर तिने गाडी एका खांबाशी उभी केली. इंजिन बंद केलं नाही. एका लयीत, शांतपणे चालत होतं. तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. खांदे हलत होते. मग तिने दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आईले सांगाले पाहिजे. पुण्याले नाही जात आता."

आणि तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं. योग्य वेळ वगैरे काही नव्हतं, नुसतं निघालं.

"प्रज्ञा, मार्चमध्ये तू फोन केला होतास. मी 'भरपूर' म्हणालो होतो. ते इंजिन माझ्यामुळे गेलं. तू पिस्टन आणलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं आणि मी तुला सांगितलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. पहाटेचा उजेड तिच्या चेहऱ्यावर आला होता.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "पिस्टन काढला तेव्हाच समजलं. पण वाचाचं काम माहं होतं, ते मी तुह्यावर ढकललं. दोघांचंही चुकलं."

"मग आज मला का बसवलंस? इतकं सगळं पणाला लागलेलं असताना?"

"तू 'भरपूर' म्हटलं होतं, म्हणूनच तं बसोलं दादा," तिने हसत गिअर टाकला. "दुसरा कोणी असता तं दोनशेच्या वर गेल्यावर त्यानं रस्त्याकडं पाह्यलं असतं."